तंजावरची भिंत



मंडळाच्या सहलीबरोबर मी तंजावर प्रथमच पाहिले. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी राजधानी केली ते हे गाव. बृहदीश्वराचे देऊळ त्याहून फार जुने, राजराज चोळाने १०१० साली पुरे केलेले. शिखर पाहताना मान अवघडते. पण ते वर्णन आपण पुष्कळ ऐकले असेल.

मला सांगायचे आहे ते तिथल्या भिंतीविषयी. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसल्यांचा इतिहास देवळात दगडावर कोरवून घेतला, आणि तोही मराठीत! तमिळ मुलखात चार दिवस आम्हांला दुकानाची पाटीदेखील वाचता येत नव्हती. इथे मात्र बाळबोध अक्षरे. आमच्यातल्या एक आजीबाई, शिक्षण जेमतेम चौथी, बोटाने ओळ धरून मोठ्याने वाचू लागल्या. शब्द जुने, अक्षरे दाट. अडले की सगळ्याजणी मिळून लावायच्या. इतक्यात गाडीचे बोलावणे आले. सरस्वती महालातले मोडी कागद तर राहूनच गेले. सहलवाल्यांना घाई फार!

आजीबाई हलेनात. "त्याला म्हणावं, थांब जरा. शहाजीराजे कुठं आहेत ते तरी सापडू दे!"

गाडी थांबली, आणि शहाजीराजे सापडले.