पापळचा खासदार

स्नातकहो,

ज्या रिद्धपुरात गोविंदप्रभूंच्या सेवेसाठी महानुभाव पंथाची मंडळी एकत्र आली, आणि जेथे म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसाला विचारून, पारखून, लीळाचरित्रात ग्रथित केल्या, तेथे उभे राहून मराठीची थोरवी सांगण्याचा अधिकार माझा नाही, आणि ती ऐकण्याची तुम्हांला गरजही नाही. म्हणून मी आज ग्रंथकारांविषयी बोलणार नाही. एका खासदाराविषयी बोलणार आहे. विषय या मंडपाला विजोड वाटेल. क्षणभर धीर धरावा.

पंजाबराव शामराव देशमुख यांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी आपल्याच अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी झाला. गावची शाळा, मग अमरावतीची, मग पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय अशा पायऱ्या चढत हा मुलगा १९२० साली विलायतेस गेला. एडिंबरोस संस्कृताचे अध्ययन केले, ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास या विषयावर प्रबंध लिहून डॉक्टर झाला, आणि जाता जाता बॅरिस्टरीची सनदही मिळवून आला. ज्या काळात कुणब्याच्या पोराने वेद हाती धरावा की नाही याचा खल आपल्याकडच्या ओसऱ्यांवर चालू होता, त्या काळात त्या पोराने वेदांची चिकित्सा करून दाखवली, ही गोष्ट मला त्यांच्या पुढच्या सर्व अधिकारपदांहून मोठी वाटते. परंतु त्यांना स्वतःला ती तशी वाटली नसावी. कारण परत आल्यावर त्यांनी वेदांवर दुसरा ग्रंथ लिहिण्याऐवजी वसतिगृह काढले.

ते श्रद्धानंद छात्रालय अमरावतीस निघाले, आणि त्यात निरनिराळ्या जातींची मुले एका छपराखाली राहू लागली. १९२७ साली, जेव्हा अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमरावतीस आले, त्याच वर्षी पंजाबरावांनी विमलाबाई वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. या बाई पुढे स्वतःही संसदेत गेल्या. विवाहाच्या पुढच्याच वर्षी जिल्हा कौन्सिलाचे अध्यक्षपद हाती येताच पंजाबरावांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या केल्या. विहीर ही वऱ्हाडात पाण्याची जागा असते तितकीच पायरीचीही असते, कोण कोठे उभे राहील हे तेथे ठरते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या हुकमाचे वजन कळेल.

आता कर्जाची हकीकत सांगतो. १९३० साली ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात निवडून गेले आणि मंत्री झाले. जागतिक मंदीने कापसाचे भाव कोसळलेले, काळी माती पूर्वीइतकीच पिकत असलेली, आणि सावकाराच्या वहीतील व्याज मात्र मंदीला न जुमानता वाढत असलेले, असा तो काळ. शेतकऱ्याकडे फिर्यादीचा समन्स यायचा, गहाणखतावर अंगठा आपला की बापाचा हेही त्याला सांगता येत नसे, आणि दिवाणी दाव्याचा खर्च मूळ रकमेच्या उरावर बसे. या प्रसंगी १९३३ साली जो कर्ज लवादाचा कायदा झाला, त्यामागे पंजाबरावांच्या खटपटीचा मोठा वाटा होता. त्याची रचना साधी होती: ऋणको किंवा धनको यांनी लवाद मंडळाकडे अर्ज करावा, मंडळाने दोघांना समोरासमोर बसवून हिशेब तपासावा, देता येण्याजोगी रक्कम ठरवावी आणि तिचे हप्ते बांधून द्यावेत. योग असा की, त्याच १९३३ साली त्यांचा वैदिक धर्मावरील प्रबंध इंग्रजीत ग्रंथरूपाने ऑक्सफर्डच्या मुद्रणालयातून बाहेर पडला. एका वर्षी एका माणसाची दोन कामे जगापुढे आली; त्यांपैकी कोणत्याची पाने अधिक हातांनी उलटली असतील, याविषयी मला शंका नाही.

त्याच सुमारास, १९३२ साली, श्री शिवाजी शिक्षण संस्था निघाली. तिच्या शाळा-महाविद्यालयांतून शिकलेली माणसे या मंडपात बसली असतील, म्हणून तिच्याविषयी मी अधिक बोलत नाही.

संविधान सभेत ते होते, आणि तेथील त्यांचे सारेच मला पटते असे नाही. नागरिकत्वाच्या कलमावर बोलताना, केवळ जन्माने मिळणारे नागरिकत्व फार स्वस्त होते, आणि अन्य कोणत्याही देशाचा नागरिक नसलेल्या प्रत्येक हिंदूस व शिखास ते मिळावे, असा आग्रह त्यांनी धरला. सभेने तो मानला नाही, आणि ज्याने आपल्या जिल्ह्यात विहिरीवरची जात पुसली त्याने देशाच्या दारावर धर्म लिहू पाहावा, ही विसंगती मला आजही सलते. थोर माणसाचे चरित्र वाचताना असे पान चिकटवून टाकण्याची आपल्याकडे वहिवाट आहे. ती तुम्ही चालवू नये.

आणखी एक गैरसमज दूर करतो. देशाचे पहिले कृषिमंत्री म्हणून त्यांचे नाव आपल्याकडे छापले जाते. तो मान राजेंद्रप्रसादांचा. पंजाबराव १९५२ साली अमरावतीहून लोकसभेत गेले, १९५७ आणि १९६२ सालीही गेले, आणि पहिली दहा वर्षे कृषिखात्याचे मंत्री राहिले. पण कॅबिनेटच्या पंक्तीत नव्हे. खात्याची शेवटची सही बहुधा दुसऱ्याची असे. तरीही जपानी पद्धतीच्या भातलागवडीची मोहीम त्यांनी देशभर नेली, १९५५ साली भारत कृषक समाज स्थापिला, आणि ११ डिसेंबर १९५९ रोजी त्या समाजाने दिल्लीत भरवलेल्या जागतिक कृषी प्रदर्शनाचे उद्घाटन अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या हस्ते झाले. १० एप्रिल १९६५ रोजी, खासदार असतानाच, त्यांचे दिल्लीत निधन झाले. चार वर्षांनी अकोल्यास कृषी विद्यापीठ उभे राहिले, ते आज त्यांच्या नावाने चालते.

स्नातकहो, आता या गावाकडे परततो. नागदेवाचार्यांची ती गोष्ट तुम्ही पाठ्यक्रमात वाचली आहे: पंथातील पंडित संस्कृतात बोलू-लिहू पाहत असता, असे केल्याने माझ्या म्हाताऱ्या बायाबापड्या वंचित होतील, या आशयाचे बोलून त्यांनी त्यांना अडवले. नागदेवाचार्यांनी मराठी धरली ती त्या बायाबापड्यांसाठी. ऑक्सफर्डचा तो संस्कृतज्ञ हिशेबाच्या वह्या घेऊन लवादाच्या कायद्यात शिरला, तेव्हा त्याच्याही डोळ्यांपुढे अशीच कोणी म्हातारी असली पाहिजे.

आज संध्याकाळी तुम्ही पदवीचा कागद घेऊन घरी जाल. त्या घरांत आणखीही कागद असतील: पीकविम्याची पावती, बँकेची नोटीस, सातबाऱ्याचा उतारा, फेरफाराचा अर्ज. घरातल्यांनी ते पेटीत जपून ठेवले असतील, आणि कित्येकांनी ते कधी नीट समजून घेतले नसतील, कारण ती मराठी त्यांची नाही. ती पेटी उघडा, एकेक कागद मोठ्याने वाचा, आणि त्यात काय लिहिले आहे ते आईला तिच्या वऱ्हाडीत सांगा.