मैदानाच्या कडेला

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी क्रीडासप्ताहाच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)

बूट घालून हे भाषण केव्हा संपते याची वाट पाहत बसलेल्या बालमित्रांनो,

‘खिलाडूवृत्ती’ या विषयावर मी चार शब्द बोलावेत अशी कार्यकारिणीने आज्ञा केली, तेव्हा माझ्या घरच्या मंडळींना हसू आवरले नाही. त्याचे कारण पुढे येईलच. मी स्वतः नाव घेण्याजोगा खेळाडू कधीच नव्हतो. शाळेच्या संघात राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसण्याचा अनुभव मात्र दांडगा आहे.

आपले जबलपूर हे पूर्वापार हॉकीचे गाव. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेविरुद्ध २४ गोल केले, त्यांतील १० एकट्या रूपसिंगांचे. ते रूपसिंग जन्माने जबलपूरचेच. परंतु आपल्या मंडळातील मुलांनी हॉकी सोडून फुटबॉल जवळ केला आहे. मी मूळचा कोल्हापूरचा असल्यामुळे मला त्याचे दुःख नाही.

कोल्हापुरात फुटबॉल तालमींच्या अंगणात वाढला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही संघांची नावे मुळी तालमींचीच. तालमीतला जुना शिष्टाचार असा, की हौद्यात उतरताना मातीला हात लावून तो कपाळी लावावयाचा, प्रतिस्पर्ध्याशी हात मिळवावयाचा, आणि मगच डाव टाकावयाचा. हा शिष्टाचार शाहू स्टेडियमच्या हिरवळीपर्यंत काही अंशी पोहोचला; पायऱ्यांवर बसलेल्या प्रेक्षकांपर्यंत मात्र तो चढू शकला नाही. हुल्लडबाजीने सामने थांबलेले मी पाहिले आहेत. कोणत्या पेठेच्या मंडळींनी थांबविले ते सांगणार नाही. सेवानिवृत्तीनंतर मला तेथेच राहावयाचे आहे.

आपल्या मंडळाचा हा सुवर्णमहोत्सव. असाच एक सुवर्णमहोत्सव १९८० च्या फेब्रुवारीत मुंबईला, वानखेडे मैदानावर झाला होता. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाला ५० वर्षे पूर्ण झाल्याप्रीत्यर्थ इंग्लंडशी कसोटी सामना ठेवला होता. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. खग्रास सूर्यग्रहणामुळे सामन्यात एक दिवस विश्रांती होती हे माझ्या पक्के स्मरणात आहे, कारण त्या दिवशी आम्हांला घराबाहेर पडू दिले नाही. इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत बाद झाले होते. यष्टिरक्षक बॉब टेलर याला पंचांनी झेलबाद ठरविले, पण टेलर जागीच घोटाळत राहिला. आपले कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांनी त्याला विचारले, चेंडू बॅटला लागलेला नाही अशी त्यांची खात्री झाली, आणि त्यांनी अपील मागे घेऊन त्याला परत बोलाविले. टेलरने ४३ धावा केल्या, बोथमबरोबर १७१ धावांची भागी रचली, आणि आपण तो सामना दहा गडी राखून हरलो. आमच्या घरी रेडिओभोवती बसलेल्या शेजाऱ्यांनी विश्वनाथांना बरेच बोल लावले. माझे वडील एवढेच म्हणाले, “झेल नव्हता ना? मग झाले.” आणि ते उठून देवपूजेला गेले.

या वडिलांचा मी मुलगा. आता माझी गोष्ट ऐका.

२०१२ च्या सप्टेंबरात इटलीतील नेपल्स येथे एक सामना झाला. लाझिओ संघाचा जर्मन खेळाडू मिरोस्लाव्ह क्लोझ याने सुरुवातीलाच गोल केला. पंचांनी तो दिलाही. परंतु चेंडू आपल्या हाताला लागून जाळ्यात गेला आहे, असे क्लोझने आपण होऊन पंचांना सांगितले. गोल रद्द झाला, आणि पुढे लाझिओ ३–० असा हरला. ही बातमी मी कार्यालयात चहाच्या वेळी मोठ्या कौतुकाने सांगितली. १९८६ च्या विश्वचषकात मॅराडोनाने हाताने केलेला गोलही तुलनेसाठी पुढे ठेवला, आणि नीतिमत्ता या विषयावर सहकाऱ्यांचा बराच वेळ घेतला.

त्यानंतर दोनच महिन्यांनी येथे, जबलपुरात, माझ्या मुलाचा आंतरशालेय सामना होता. तो बारा वर्षांचा होता. त्याचा संघ एका गोलाने मागे होता आणि पाचएक मिनिटे उरली होती. गोलसमोर झुंबड उडाली, आणि चेंडू माझ्या मुलाच्या कोपराला लागून आत गेला. पंच पलीकडच्या बाजूस होते. समोरच्या मुलांनी गलका केला तेव्हा त्यांनी माझ्या मुलाला जवळ बोलाविले. मी रेषेवरून ओरडत होतो, “अरे, पूछना क्या है, गोल दो!” (आपण घरी मराठी कितीही जपली तरी मैदानावर तोंडून हिंदीच बाहेर पडते.) मुलाने स्वतःच्या कोपराकडे बोट दाखविले. गोल गेला, सामनाही गेला.

घरी परतताना स्कूटरवर मी त्याला म्हणालो, “तुला हा शहाणपणा करायला कोणी सांगितले होते?”

तो मागून म्हणाला, “सांगितले कोणीच नाही, बाबा. पंचांनी विचारले.”

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, “पुढच्या सामन्याला तुम्ही नाही आलात तरी चालेल.”

पुढच्या सामन्याला मी गेलो नाही. त्या दुपारी कार्यालयात एकही फाईल धड वाचून झाली नाही.

पालकहो, मुले नियम शिक्षकांकडून शिकतात. नियम कितपत पाळावयाचे, हे मात्र आपल्याकडून. गेल्या वर्षी एक गृहस्थ मुलाच्या जन्मदाखल्याची प्रत साक्षांकित करून घ्यावयास मजकडे आले. वयोगटात बसावा म्हणून जन्मवर्ष एकाने पुढे सरकविलेले प्रतीवर उघड दिसत होते. मी सही केली नाही. हल्ली मनगटाच्या हाडाचे क्ष-किरण छायाचित्र घेऊन वय तपासतात, तेही मी त्यांना सांगितले. परंतु ते सारे बोलणे शेजारी उभा राहून त्यांचा मुलगा ऐकत होता, आणि तो जमिनीकडे पाहत होता. त्याच्या देखत हे व्हावयास नको होते, असे मला अजून वाटते.

अशा वागण्यामागे महत्त्वाकांक्षा असते, हे मी जाणतो. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा झाली, आणि आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तेव्हापासून प्रत्येक बापाला स्वतःच्या मुलात अनिकेत दिसू लागला, तर त्याला दोष कसा द्यावा? स्वप्न पाहण्यास हरकत नाही. ते रेषेवरून ओरडून मुलाच्या पायांत घालता येत नाही, एवढेच.

मुलांनो, तुम्हांला मला फार थोडे सांगावयाचे आहे. समोरचा पडला तर त्याला हात देऊन उठवा. पंचांचा निर्णय चुकला असे वाटले तर तुमच्या कर्णधाराने एकदा, सभ्यपणे विचारावे. बाकीच्यांनी आपापल्या जागी जावे. आणि पंचांनी विचारलेच, तर खरे ते सांगा. घरी कोणी रागावले तर त्याला मजकडे पाठवा.

साडेचार वाजता पहिला सामना आहे. पालकांच्या खुर्च्या यंदा रेषेपासून वीस पावले मागे ठेवल्या आहेत, यावरून काही मंडळींनी सकाळीच नापसंती व्यक्त केली. त्या मीच तशा ठेवावयास सांगितल्या. पहिल्या रांगेतली, डावीकडून तिसरी खुर्ची माझी आहे.