धंदा रक्तात नसतो



आपल्या घरांत एक वाक्य फार सहज बोललं जातं : ‘धंदा त्यांच्या रक्तातच आहे, आपलं ते काम नव्हे.’ ‘त्यांच्या’ म्हणजे मारवाड्यांच्या, गुजरात्यांच्या, सिंध्यांच्या. हे वाक्य तुम्ही पदवीबरोबर इथून घेऊन जाऊ नये, एवढ्यासाठी मी आज बोलणार आहे.

एकोणिसाव्या शतकात राजस्थानातल्या शेखावाटीतून कोवळ्या वयाची मारवाडी मुलं कलकत्त्याला जात. बहुतेकांच्या गाठीला भांडवल नसे. पण तिथे ‘बासा’ असे, म्हणजे समाजातल्या व्यापाऱ्यांनी चालवलेली राहण्याजेवणाची सोय. एखाद्या पेढीवर मुनीमाच्या हाताखाली पोरगा हिशेब शिके. पुढे कुणी ओळखीवर माल उधार देई, कुणी त्याची हुंडी स्वीकारी. व्यवहार बुडालाच, तर गावाकडे बायकामुलं एकत्र कुटुंबात जेवत असत. धाडस त्याचं होतंच. पण तो पडला तर उचलायला माणसंही होती. ही व्यवस्था त्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या खपून उभी केली. तिचं श्रेय रक्ताला देणं हा त्यांच्याही कष्टांचा अपमान आहे.

ज्यांना असा बासा नव्हता, त्यांचं काय झालं? डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये अर्थशास्त्राचा अभ्यास करून १९१७ साली परतले. मुंबईत त्यांनी शेअर-रोख्यांच्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. गिऱ्हाइकं येऊ लागली. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळलं आणि ती यायची थांबली. विद्या होती, उमेद होती, कष्टांची तयारी होती. बाजारानेच दार लावून घेतलं. जातिव्यवस्था केवळ कामांची नव्हे तर काम करणाऱ्या माणसांची वाटणी करते, हे त्यांनी १९३६ साली मांडलं, त्यामागे हा अनुभवही असणार. पुण्यात २००५ साली दलित उद्योजकांनी स्वतःचं चेंबर ऑफ कॉमर्स स्थापन केलं, ते मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं. इतरांना जी ओळख, जी पत जन्माने मिळाली, ती त्यांना ठरवून बांधावी लागली.

आणि मराठी माणसाला धंदा जमत नाही, हे तरी कुठल्या पुराव्यावर? जोतिराव फुले आपण शाळा काढणारे म्हणून ओळखतो. ते बांधकामाचे कंत्राटदारही होते. खडकवासला धरण, येरवड्याचा पूल, कात्रजचा बोगदा या कामांशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. प्रस्थापितांना इतकं रोखठोक सुनावणाऱ्या माणसाला स्वतःची मिळकत असण्याचा आधार किती मोठा होता, याचा विचार करा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईच्या तंत्रशिक्षण संस्थेतली नोकरी सोडून बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. लोखंडी नांगर केला, तर शेतकरी म्हणाले, लोखंडाने जमीन नासेल. बेळगावातली जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजांनी कुंडलजवळ माळरान दिलं आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. इथेही पाठीशी कुणीतरी होतंच. आणि ज्यांच्या ‘रक्तात धंदा’ म्हणतात, त्यांनाही आधार लागतोच : १९५९ साली गिरगावात सात गुजराती बायकांनी लिज्जत पापड सुरू केला, तोही ८० रुपये उसने घेऊन. ते ८० रुपये देणारा भेटला नसता तर?

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपण ऐकत आलो. नोकरीला कनिष्ठ म्हणायला मात्र माझी जीभ धजत नाही. ज्या घरात शेत कधी नव्हतंच आणि दुकानाच्या पायरीवरही उभं राहू दिलं जात नव्हतं, त्या घरात दरमहा पगार आला तेव्हा पहिल्यांदा मुलं शाळेत टिकली. आज अशा घरातली मुलगी नोकरीच मागत असेल, तर तिला भित्री म्हणू नका. तिच्या घराला धोका परवडत नाही, हे समजून घ्या.

तुमच्यापैकी बरेच जण नोकरी करतील, काही जण उद्योग काढतील. नोकरी करणाऱ्यांशी मला विशेष बोलायचं आहे. कुणी बँकेत कर्जाच्या फायली तपासाल, कुणी कंपनीच्या खरेदी विभागात बसाल. मालाची बिलं रखडली की छोटे कारखाने दम तोडतात. सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असं २००६ चा कायदा सांगतो. तुमच्या टेबलावर आलेलं बिल अडवू नका. कर्ज मागणाऱ्याचं आडनाव वाचून त्याची ऐपत ठरवू नका. त्याचा हिशेब बघा, त्याचं वर्कशॉप बघून या. आणि तुमच्या वर्गातल्या कुणी उद्या दुकान टाकलं, तर पहिली खरेदी तुम्ही करा, रोखीने, सवलत न मागता.