काटकसर कोणाच्या ताटातून?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘घरगुती काटकसर’ या विषयावर आम्ही चार शब्द बोलावेत अशी मंडळाची आज्ञा झाली. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. १९७४ साली ती परीक्षा उतरलो, पुढे अध्यापनाची पदविका घेतली आणि अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना शिकवून २०१५ साली सेवानिवृत्त झालो. अर्थशास्त्राचा आमचा अभ्यास नाही. जे घरात पाहिले व जे आमच्या हातून चुकले, तेवढेच आपणापुढे मांडण्याचे योजिले आहे.

आपण शिंपी. कापड बेतताना चार बोटे वाया गेली तर ज्याच्या जिवाला लागते, तो शिंपी. काटकसर आपणांस कोणी शिकवावी लागत नाही, असा आपला समज आहे आणि तो बव्हंशी खरा आहे. परंतु काटकसर करावी, एवढे म्हणून भागत नाही. ती घरातील कोणाच्या वाट्यातून होते, हेही पाहिले पाहिजे. आजच्या आमच्या बोलण्याचा मथितार्थ हाच आहे.

आमचे गाव तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, पाथर्डी तालुक्यात. वडिलांचे शिवणयंत्र घराच्या ओट्यावर असे. दिवाळी व लगीनसराई या दोन हंगामांवर वर्ष निघे. पुष्कळ गिऱ्हाईक शिलाईबद्दल पैशाऐवजी धान्य घाली. १९७२ साली पाऊस गेला. ज्याच्या घरी दाणा नाही, तो अंगरखा कशाला शिवील? यंत्रावर पोते झाकून वडील दुष्काळी कामावर खडी फोडावयास गेले. ज्या बोटांना सुई पेलण्याची सवय, त्या बोटांत हातोडा आला. पहिल्याच आठवड्यात डाव्या अंगठ्याचे नख काळे पडले.

घरात माणसे सात : आजी, वडील, आई आणि आम्ही चार भावंडे. शिधावाटप दुकानात अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी मिळे. तिला लोक मिलो म्हणत. तिच्या पिठाची भाकरी थापताना तुटे, म्हणून आई उकळत्या पाण्याने पीठ मळून घेई. दोन मुठी डाळीत सात माणसांची आमटी होई. आम्ही पंधरा वर्षांचे, वाढत्या अंगाचे. दोन भाकरी खाऊन तिसरीकडे हात जाई. आई म्हणे, “घे, मी नंतर बसते.” आम्ही घेत असू. नंतर ती काय खात असे, हे आम्ही कधी पाहिले नाही.

१९७३ च्या उन्हाळ्यात एके सकाळी आई विहिरीच्या रांगेत भोवळ येऊन पडली. बायकांनी उचलून घरी आणली. वैद्यबुवांनी नाडी पाहिली आणि आजीला बाजूस घेऊन सांगितले की रोग काही नाही, पोटात अन्न नाही. आम्ही उंबऱ्याशी उभे होतो. ते शब्द आमच्या कानी पडले. महिनाभर आई भाकरीचे तुकडे आणि परात धुतलेल्या पाण्यात मीठ घालून केलेली पेज, एवढ्यावर राहिली होती. सारे गाव तिला काटकसरी म्हणून वाखाणीत असे.

आजी फार बोलणारी नव्हती. त्या रात्री तिने सात ताटे ओळीने मांडली आणि आईला म्हणाली, “आजपासून आधी सात ताटं मांडायची, जे असंल ते सातात वाटायचं, मग सगळ्यांनी बसायचं. तुझं ताट पहिलं.” आमच्या वाट्याला तेव्हापासून दोन भाकरी आल्या आणि त्या पुरल्या. दुष्काळ सरला, पण तो नियम आमच्या घरात राहिला.

पुढे दिवस बरे आले, तरी अन्न वाया घालविणे आईस साधलेच नाही. तिच्याकडून ही विद्या आमच्या सौभाग्यवतीने उचलली. दोडक्याची भाजी केली की शिरा फेकावयाच्या नाहीत. तीळ, सुकी मिरची व मीठ घालून खमंग परतल्या की चटणी होते. दुध्याच्या सालींचेही तसेच. पुरणाची डाळ शिजवून निथळलेल्या कटाची आमटी तर आपण सणाचे पक्वान्न म्हणूनच ओरपतो. कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढून उरलेल्या चोथ्याच्या भुसवड्या घालाव्यात. मुळ्याचा पाला, फ्लॉवरचे कोवळे दांडे, फणसाच्या आठळ्या, तूप कढविल्यावर तळाशी राहणारी बेरी, यांपैकी काहीही टाकाऊ नाही. शिळ्या भाकरीचा कुस्करा कांदा-मिरचीची फोडणी देऊन केला, तर मुले ताज्या न्याहारीला विचारीत नाहीत. ज्वारीच्या भाकरीबरोबर डाळ किंवा पिठले असावे, हेही जुन्यांनी अनुभवाने ठरविले. धान्य आणि डाळ एकमेकांचे उणे भरून काढतात, हे आता आहारशास्त्रही सांगते.

येथे एक इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. आंबलेले, वास आलेले अन्न पोटात ढकलणे ही काटकसर नव्हे. वाचविलेल्या भातापेक्षा औषधाचा खर्च अधिक होतो. उरलेला भात लवकर निववून शीतकपाटात ठेवावा. उन्हाळ्यात रात्रभर उघडा राहिलेला भात खाऊ नये. पिकांवर हल्ली औषधे फवारतात, यास्तव सालींची चटणी करावयाची तर भाजी आधी भरपूर पाण्याने धुऊन घ्यावी. आणि मुख्य म्हणजे, शिळे असेल ते सर्वांच्या पानात थोडे थोडे वाढावे. ताजे पुरुषांना, मुलांना आणि शिळे घरच्या लक्ष्मीला, ही रीत अजून पुष्कळ घरांत आहे. आपापल्या घरी आज रात्री पाहावे, एवढीच विनंती.

आता वाचनाविषयी. पोटाला चिमटा घेऊन जे वाचवावयाचे, ते कशासाठी, याचे उत्तर घरात असले पाहिजे. आमच्या घरी त्याचे उत्तर पुस्तक हे होते. पाठ्यपुस्तक मंडळाचे ‘किशोर’ मासिक १९७१ च्या नोव्हेंबरात निघू लागले. पुढे शिक्षक झाल्यावर त्याचे अंक आम्ही मुलांसाठी वर्षावर्षाचे बांधून ठेविले. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ आमच्या घरी इतकी वाचली गेली की तिची पाठ तीनदा शिवावी लागली. रात्री जेवणे झाली की एकाने मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी हाताने काही करीत ऐकावे, असा परिपाठ होता. कोणी तांदूळ निवडी, कोणी शेंगा फोडी, कोणी कातरणाचे चौकोन कापी. ज्या संत नामदेवांचे नाव आपण कुळाच्या अभिमानाने घेतो, त्यांच्या घरच्या जनाबाईंनी दळता-कांडता अभंग रचले, असे परंपरा सांगते. काम करणाऱ्या हातांबरोबर कान आणि मन यांनाही खाद्य मिळू शकते, याचा याहून मोठा दाखला कोणता द्यावा?

परंतु याच पुस्तकांच्या बाबतीत आमच्या हातून जी चूक झाली, ती लपविणे बरे नव्हे. दर महिन्याच्या पगारातून काही रक्कम काढून आम्ही पुस्तके घेत असू आणि आल्या-गेल्यास कपाट उघडून दाखवीत असू. २००१ सालची गोष्ट. रात्रीच्या वाचनात आमच्या सौभाग्यवतीची पाळी आली की ती म्हणे, “आज डोके दुखते, तुम्हीच वाचा.” असे वर्षभर चालले. एके दिवशी आमची बारा वर्षांची कन्या सहज बोलून गेली, “बाबा, आईला सुई ओवता येत नाही. रोज मीच ओवून देते. पुस्तक ती हात लांब करून धरते.” आम्ही विचारले तेव्हा सौ. म्हणाली की चष्म्याचा खर्च आहे, पुढच्या महिन्यात पाहू, असे म्हणता म्हणता दीड वर्ष गेले. त्या दीड वर्षात आमच्या कपाटात पुस्तकांची एक आख्खी फळी वाढली होती.

ज्याने आईचे ताट पाहिले होते, त्याला बायकोचे डोळे दिसले नाहीत. दुसऱ्याच दिवशी चष्मा आला. परंतु चष्म्याने आमची शरम गेली नाही. तेव्हापासून आम्ही घरखर्चाची वही कुलपातून काढून स्वयंपाकघरात खुंटीला टांगली. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती सर्वांदेखत मोठ्याने वाचली जाते. प्रत्येकाने आपली गरज स्वतः सांगावी आणि दुसऱ्याचीही एक गरज सांगावी, असा दंडक आहे. स्वतःची गरज सांगावयास जी संकोचते, तिची गरज दुसरा कोणीतरी सांगतो, हा त्यातला लाभ आहे.

तिसरी गोष्ट मुलांच्या हातांची. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्माजींनी हस्तव्यवसायातून शिक्षण हा विचार मांडला. १९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम आरंभिले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुलांसाठी महागडी साधने आणावयाची कोठून? त्यांनी खडे, शिंपले, बिया, पाने आणि माती यांपासूनच शिक्षणाची साधने केली. आज बाजारात हस्तकलेचे तयार संच मिळतात. त्यांत सर्व काही आधीच कापलेले असते. मुलाने केवळ चिकटवावयाचे. कापण्यात जी चूक होते आणि चुकीतून जे शहाणपण येते, ते त्या पेटीत मिळत नाही.

आम्ही शाळेत दर जून महिन्यात एक उद्योग करवीत असू, तो सांगतो. मुलांनी गतवर्षीच्या वह्यांतील कोरी जोडपाने सोडवून आणावयाची. दहा-बारा जोडपाने एकात एक घालून दुमडीवर सारख्या अंतराने तीन भोके दाभणाने पाडावीत. सुई मधल्या भोकातून बाहेरून आत घ्यावी, वरच्या भोकातून बाहेर काढावी, खालच्या भोकातून पुन्हा आत घ्यावी आणि मधल्या भोकातून बाहेर आणून दोऱ्याची दोन्ही टोके पाठीवरील लांब टाक्याच्या दोन बाजूंस घेऊन गाठ मारावी. वर जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा खळीने चिकटविला की वही तयार. ज्याला विकतची वही घेण्याची ऐपत होती, तोही ती आनंदाने वापरी. त्यामुळे ज्याची ऐपत नव्हती, त्याला खाली मान घालावी लागत नसे. मोडक्या छत्रीच्या कापडाची पिशवी, दोऱ्याच्या रिकाम्या रिळांची गाडी, आजीच्या जुन्या लुगड्याचे थर लावून धावदोऱ्याने शिवलेले बाळाचे दुपटे, हे सारे मुला-मुलींनी सारखेच करावे. सुई ही मुलीची आणि पुस्तक मुलाचे, असली वाटणी निदान शिंप्याच्या घरी तरी शोभत नाही.

भाषणाच्या शेवटी तीन गोष्टी सुचवितो. पहिली, प्रत्येक घरी ताटे आधी मांडावीत, अन्न सर्वांत वाटावे आणि सर्वांनी एकत्र बसावे. दुसरी, घरखर्चाची वही सर्वांसमोर वाचावी आणि रोज रात्री निदान अर्धा तास भ्रमणध्वनी बाजूस ठेवून एकाने मोठ्याने वाचावे. तिसरी, पुढील वर्षीच्या मेळाव्यात मुलांनी घरच्या उरल्यासुरल्या वस्तूंतून केलेल्या कामांचे एक टेबल मांडावे. त्यास क्रमांक व बक्षिसे नकोत. प्रत्येक मुलाने आपली वस्तू कशी केली, ते उभे राहून सांगावे, एवढे पुरे. टेबल मांडण्याचे व दोरा-दाभणाचे काम आम्ही आनंदाने पत्करू.

आमच्या मातोश्री १९९८ साली निवर्तल्या. शेवटच्या आजारातही, जेवणाची वेळ झाली की त्या अंथरुणावरून विचारीत, “ताटं मांडली का सगळ्यांची?” आम्ही “मांडली” म्हणत असू आणि पहिले ताट त्यांच्याकडे नेत असू. त्या दोन घासांपलीकडे जेवत नसत, परंतु ताट मात्र पुरे वाढलेले असे.