वाण्याच्या यादीतली अदलाबदल



१९७१ साली पुण्याचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावरचा आपला गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी माणशी दररोज २,२५० उष्मांक ही किमान गरज धरली होती. प्रश्न साधा होता : पोट भरतं का?

केंद्र सरकारच्या २०२३-२४च्या कुटुंब खर्च पाहणीत ग्रामीण माणसाचं सरासरी सेवन २,२१२ उष्मांक निघालं, शहरी माणसाचं २,२४०. म्हणजे सरासरी त्याच आकड्याच्या आसपास आहे. बदललं आहे ते पिशवीतलं सामान.

१९९९-२०००मध्ये खेड्यातल्या घरखर्चाच्या दर शंभर रुपयांतले बावीस रुपये धान्यावर जात. २०२२-२३मध्ये पाचसुद्धा पुरे जात नव्हते. रेशनवर फुकट मिळणाऱ्या धान्याची किंमत यात धरलेली नाही हे खरं, पण तेवढ्यानं ही घसरण झाकली जात नाही. आता धान्यापेक्षा जास्त पैसे दुधावर जातात, ही आनंदाची गोष्ट. मात्र दुधापेक्षाही जास्त, साडेनऊ रुपयांहून अधिक, चहापाणी, बाहेरचं खाणं आणि तयार पदार्थांवर जातात.

गावच्या किराणा दुकानात हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. दारातच पाच-पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा लोंबत असतात. त्यातली बिस्किटांची एखादी पुडी उलटी करून बारीक अक्षरं वाचली, तर बहुतेक वेळा तीच त्रयी भेटते : मैदा, साखर, पामतेल. शेंगदाणे, फुटाणे, गूळ हेही त्याच दुकानात असतात. पण बरणीत, आणि मुलांच्या नजरेच्या वर.

तेलाचा हिशेब तर बोलका आहे. २००९-१०मध्ये ग्रामीण माणसाच्या पोटात रोज सरासरी ४३ ग्रॅम स्निग्धांश जात होता; २०२३-२४मध्ये तो ६० ग्रॅमवर गेला. शहरात तो ७०ला टेकला आहे. ज्या घरात तेल फोडणीपुरतं थेंब-थेंब वापरलं जाई, तिथं थोडं वाढलं तर बिघडलं नाही. पण याच काळात खेड्यातली प्रथिनं किती वाढली? ५९ ग्रॅमवरून जेमतेम ६२. त्यातलाही निम्म्याच्या जवळपास वाटा अजून तांदूळ-गव्हासारख्या धान्याचाच आहे. डाळ महागली की बाई वरण पातळ करते. वेफर्सची पुडी मात्र किंमत तीच ठेवून आतला माल कमी करते, त्यामुळे ती महागल्याचं चटकन कळत नाही.

तेव्हा पोषणाचं नुसतं उष्मांकांवर मोजमाप करणं आता पुरे. पोट भरलं म्हणजे पोषण झालं असं नाही : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. पुढच्या महिन्याची यादी करताना श्रोत्यांनी गेल्या महिन्याचं बिल काढावं आणि डाळी-कडधान्यांवर किती गेले, पुड्यांवर किती गेले, याची बेरीज मांडून पाहावी.