करवंदाचा जॅम आणि शाळेचा तराजू
(केंद्राच्या शिक्षण परिषदेत दिलेले भाषण)



परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'उन्हाळ्यात करावयाचा फळांचा जॅम' असा छापलेला पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. शिक्षणाच्या परिषदेत स्वयंपाकघर कोठून आले, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर सोपे आहे. वार्षिक परीक्षा आटोपल्यापासून निकाल हाती पडेपर्यंतचे दिवस बहुतेक शाळांत सैल जातात. मुले येतात, पण मन लागत नाही. शिक्षक प्रगतिपत्रके भरण्यात गुंतलेले असतात. नेमक्या याच दिवसांत आपल्या घाटमाथ्यावरच्या आणि उतारावरच्या जाळ्यांतून करवंदे काळी होऊ लागतात. या दोन गोष्टींची गाठ घालून देता आली, तर विज्ञान, गणित आणि व्यवहार यांचा एक उत्तम पाठ एका पातेल्यात शिजू शकतो.

फळ टिकविण्याची विद्या आपल्या लोकांना नवी नाही. साखरांबा, गुळांबा, मुरांबा, आंबापोळी आणि कच्च्या करवंदांचे लोणचे हे आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या होत आलेले आहे. तेव्हा शाळेने मुलांच्या आयांना पाकशास्त्र शिकवावयास जाऊ नये. त्यांना ते आपल्यापेक्षा अधिक येते. शाळेजवळ जे आहे आणि स्वयंपाकघराजवळ बहुधा नसते, त्या दोन वस्तू म्हणजे तराजू आणि 'का?' हा प्रश्न. घरचा हात अंदाजाने चालतो आणि तो अंदाज अचूकही असतो. पण त्यामागील कारण त्याने शब्दांत मांडलेले नसते. घरचा अंदाज आणि शाळेचे माप यांची भेट घडविणे, हाच या पाठाचा हेतू आहे.

हाताने केलेले काम आधी आणि त्याचे शास्त्र मागाहून, असे जगाच्या इतिहासातही घडलेले आहे. निकोला आपेर हा फ्रान्समधील एक मिठाईवाला. काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बूच घट्ट बसवून, त्या पाण्यात उकळल्या असता अन्न टिकते, हे त्याने पुष्कळ वर्षे खटपट करून सिद्ध केले आणि १८१० साली त्यावर ग्रंथ लिहिला. अन्न का टिकते, हे मात्र त्याला सांगता आले नाही. ते लुई पाश्चर यांच्या सूक्ष्मजीवांवरील संशोधनाने सुमारे अर्धशतकानंतर उमगले. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हाताच्या उद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, तिच्या मुळाशीही हेच तत्त्व आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले आहेत, तेथेही या पाठास जागा आहे.

आता फळाकडे वळू. जॅम आंब्याचा, अननसाचा, स्ट्रॉबेरीचाही होतो. मी करवंद निवडले ते दोन कारणांसाठी. एक तर ते आपल्या शिवारात आहे. दुसरे असे, की जॅम घट्ट बसण्यास जे लागते ते करवंदात उपजतच असते. बाजारातून कोणतेही चूर्ण आणावे लागत नाही. ज्या गावी त्या दिवसांत करवंदे पिकलेली नसतील, तेथे कैरी घ्यावी. तिच्यातही हे गुण भरपूर आहेत.

जॅम बसण्यास तीन गोष्टींचा मेळ लागतो : पेक्टिन, आम्ल आणि साखर. पेक्टिन हा फळाच्या पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारा पदार्थ. फळ शिजले की तो पाण्यात उतरतो. पुरेशी साखर आणि पुरेसे आम्ल असले म्हणजे त्याचे लांब धागे एकमेकांत गुंतून जाळे तयार होते आणि रस त्या जाळ्यात अडकून राहतो. फळ पिकत जाते तसे त्यातील पेक्टिन आणि आंबटपणा कमी होतो. म्हणून चार वाट्यांपैकी तीन वाट्या पिकलेली आणि एक वाटी लालसर, अर्धीकच्ची करवंदे घ्यावीत. रंग आणि स्वाद पिकलेल्यांचा, घट्टपणा कच्च्यांचा.

साखरेचे दुसरे काम टिकविण्याचे. बुरशी आणि इतर सूक्ष्मजीव यांना वाढण्यास पाणी लागते. जॅममध्ये पाणी असते, परंतु साखरेने ते बांधून ठेवलेले असते. सूक्ष्मजीवांच्या वाट्यास ते येत नाही. हे मुलांना नुसते सांगू नये, दाखवावे. आदल्या दिवशी चिरलेली करवंदे एका वाटीत साखर घालून झाकून ठेवावीत. दुसऱ्या दिवशी वाटीत रस साचलेला दिसेल आणि फोडी आक्रसलेल्या दिसतील. साखरेने फळातून पाणी ओढून घेतले; सूक्ष्मजीवाच्या देहातूनही ती तसेच ओढून घेते. एवढे पाहिलेल्या मुलास परासरण हा शब्द पुढे जड वाटणार नाही.

आता कृती सांगतो. करवंदे निवडून, देठ काढून, दोन-तीन पाण्यांत धुवावीत. देठाशी पांढरा चीक असतो आणि तो हातांना चिकटतो. म्हणून बोटांना थोडे गोडे तेल लावून काम करावे. धुतलेल्या फळांच्या चौथाई वजनाइतके पाणी घालून ती मऊ होईपर्यंत, सुमारे पंधरा मिनिटे, शिजवावीत. साखर या वेळी घालू नये. ती आधी घातली तर साली कडक राहतात. शिजलेली फळे पळीने घोटून चाळणीतून गाळावीत, म्हणजे बिया आणि जाड साली वर राहतील. खाली आलेला गर तोलावा आणि तितक्याच वजनाची साखर त्यात मिसळावी. मंद आचेवर साखर पुरती विरघळू द्यावी, मग आच वाढवून सतत ढवळावे. साखर पडल्यानंतर फार वेळ रेंगाळू नये. दीर्घ काळ उकळल्याने पेक्टिन तुटते आणि जॅम बसण्याऐवजी चिवट पाक होतो. भांडे स्टेनलेस स्टीलचे असावे. कल्हई नसलेले तांब्यापितळेचे भांडे आंबट फळास कधीही वापरू नये.

जॅम झाला हे कसे ओळखावे? एक स्टीलची ताटली ओल्या फडक्यावर ठेवून गार करावी. तिच्यावर जॅमचा एक थेंब टाकून मिनिटभर थांबावे आणि बोटाने हलकेच ढकलावे. वर सुरकुती पडली तर झाला. पाण्यासारखा ओघळला तर आणखी थोडे शिजवावे. परीक्षा चालू असताना पातेले आचेवरून उतरवून ठेवावे. तापमापी असल्यास पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा चार ते पाच अंश अधिक, म्हणजे समुद्रसपाटीस १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास, ही खूण धरावी. येथे भूगोलही येतो. दर ३०० मीटर उंचीस पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १ अंशाने उतरतो. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे. तेथे पाणी ९५ ते ९६ अंशांवरच उकळते. तेथील शिक्षकाने १०५ अंशांची वाट पाहिली, तर त्याचा जॅम नको इतका आटेल. म्हणून आधी आपल्या गावच्या पाण्याचा उत्कलनबिंदू मुलांकडून मोजून घ्यावा.

या पाठातील गणित मला सर्वांत मोलाचे वाटते. समजा, गर १ किलो निघाला. करवंदाच्या गरात साखर, आम्ल इत्यादी विरघळलेले घन पदार्थ अदमासे दहा टक्के, म्हणजे १०० ग्रॅम, धरू. त्यात १ किलो साखर घातली. एकूण मिश्रण २ किलो. त्यातील घन पदार्थ १,१०० ग्रॅम, म्हणजे ५५ टक्के. एवढ्याने जॅम टिकत नाही. आजच्या अन्नविषयक नियमांप्रमाणे जॅममध्ये असे घन पदार्थ निदान ६५ टक्के असावे लागतात. मिश्रण आटून १ किलो ६०० ग्रॅम उरले, तर १,१०० भागिले १,६००, म्हणजे जवळजवळ ६९ टक्के होतात. याचा अर्थ ४०० ग्रॅम पाणी वाफ होऊन गेले पाहिजे. रिकाम्या पातेल्याचे वजन आधी करून फळ्यावर लिहिलेले असावे. शेवटी शिक्षकाने स्वतः पातेले लाकडी पाटासह तोलावे, आणि मुलांनी पाटाचे व पातेल्याचे वजन वजा करून उत्तर काढावे. ताटलीवरची सुरकुती आणि फळ्यावरचे उत्तर एकमेकांशी जुळले, की शेकडेवारी हे केवळ पुस्तकातले प्रकरण नाही, हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

लहान वर्गांनाही यात वाटा आहे. करवंद फोडून आत लाल निघाले तर कोंबडा, पांढुरके निघाले तर कोंबडी, हा खेळ आपण सर्वच खेळलो आहोत. दुसरी-तिसरीच्या मुलांनी पन्नास करवंदांतील कोंबडे आणि कोंबड्या मोजून फळ्यावर रेघा ओढाव्यात. माहिती जमविण्याचा आणि मांडण्याचा तो पहिला पाठ होईल.

येथे एका गोष्टीकडे आपले विशेष लक्ष वेधावयाचे आहे. घाटरस्त्याच्या कडेला पानांच्या द्रोणांतून करवंदे विकणारी मुले आपल्याच शाळांतील असतात. पुष्कळदा ती वर्गात मागच्या रांगेत, न बोलता बसलेली असतात. एका शाळेत हा पाठ चालू असता मी पाहिले, की फळे कशी निवडावीत याविषयी शिक्षकांनी अशाच एका मुलीला विचारले. तिने टोपलीत हात घातला आणि पाहता पाहता तीन ढीग केले : हे आजचे, हे उद्याचे, हे टाकावयाचे. कोणत्या जाळीचे फळ आंबट आणि कोणत्या जाळीचे गोड, हेही तिने सांगितले. वर्गातील हुशार म्हणविणारी मुले तिच्याभोवती जमून शिकू लागली. त्यानंतर तराजूचा काटा वाचावयास तीच पुढे आली. ज्या मुलाजवळ ज्ञान आहे परंतु वर्गात त्याला बोलावयास जागा नाही, त्याला ती जागा करून देणे हे शिक्षकाचे काम आहे. मात्र त्या मुलांकडून करवंदे फुकट मागवू नयेत. ती त्यांच्या घरची उन्हाळ्याची मिळकत आहे. बाजारभावाने विकत घ्यावीत आणि तो हिशेबही फळ्यावर लिहावा. इतर मुलांनी जाळीवरून फळे तोडली तर फांद्या मोडू नयेत, पाखरांसाठी मागे राखावीत, आणि संरक्षित वनात परवानगीवाचून शिरू नये.

आता सावधगिरीच्या गोष्टी. उकळता जॅम पाण्याहून अधिक तप्त असतो आणि अंगास चिकटून राहतो. म्हणून चुलीजवळ शिक्षक आणि स्वयंपाकी यांवाचून कोणी असू नये. मुलांनी निवडणे, धुणे, तोलणे, लिहिणे आणि दुरून पाहणे एवढेच करावे. चटका बसल्यास त्या भागावर साधे गार पाणी वीस मिनिटे सोडावे. तूप, शाई, दंतमंजन लावू नये. भाजणे मोठे असेल तर तडक आरोग्य केंद्र गाठावे. पोषण आहाराचे धान्य, तेल अथवा इंधन या कामी वापरू नये. खर्च वेगळा दाखवावा. काचेच्या बाटल्या धुऊन, गार पाण्यात ठेवून, ते पाणी उकळी आल्यापासून पंधरा मिनिटे उकळू द्यावे. कोमट बाटलीत गरम जॅम भरावा. गार बाटली तडकते. झाकण घट्ट लावून वर नाव, वजन, घटक आणि तारीख लिहावी. भाषेचा लहानसा पाठ त्यातही आहे. बाटली उघडल्यावर कोरडाच चमचा वापरावा. बुरशी दिसली तर वरची काढून खाली खाऊ नये, सगळा जॅम टाकून द्यावा. हा जॅम विकावयाचा नाही. विक्रीसाठी २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते, आणि शाळा हे दुकान नव्हे.

जॅमचे अवास्तव गुणगानही करू नये. त्यात निम्म्याहून अधिक साखर असते आणि शिजविण्यात फळातील क जीवनसत्त्व बरेचसे नाहीसे होते. पोळीला लावावयास एक चमचा पुरे. ताजे करवंद खाणे केव्हाही श्रेयस्कर, हे मुलांना स्पष्ट सांगावे. जॅम हा फळाला पर्याय नव्हे; जे फळ संध्याकाळपर्यंत विकले जात नाही आणि सकाळी नासते, त्याला वाचविण्याची ती एक रीत आहे.

बंधुभगिनींनो, प्रयोगशाळा नाही म्हणून विज्ञान शिकविता येत नाही, ही तक्रार शाळाभेटींत माझ्या कानी येते. ती पुष्कळ अंशी खरीही आहे, आणि साहित्यासाठी मागणी करणे आपण सोडू नये. परंतु साहित्य येईपर्यंत एक चूल, एक पातेले, एक तराजू आणि टोपलीभर करवंदे यांवर परासरण, उत्कलनबिंदू, शेकडेवारी आणि स्वच्छता एवढे शिकविता येते. यंदा प्रत्येक शाळेने एक किलो गराचा प्रयोग करावा, वजने आणि वेळा वहीत टिपाव्यात आणि जून महिन्यात शाळा उघडल्यावर होणाऱ्या परिषदेत ती वही व एक बंद बाटली घेऊन यावे. कोणाचा जॅम बसला, कोणाचा पातळ राहिला आणि का, याची चर्चा आपण सर्व मिळून करू. पातळ राहिलेल्या जॅमची वही मी आधी वाचेन. तिच्यातून शिकण्यासारखे अधिक असते.