मैत्री देवाच्या स्वाधीन
(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त दिलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं देवाच्या उपकारांचें स्मरण करण्यासाठीं आपण एकत्र जमलों आहों. पवित्र संस्कार, धर्मगुरूंचे परिश्रम, वडीलधाऱ्यांची श्रद्धा यांची गणना आपण करतों, आणि तें योग्यच आहे. परंतु एका उपकाराची नोंद बहुधा कोणत्याच वहींत होत नाहीं. तो उपकार म्हणजे मित्र. त्याविषयीं चार शब्द बोलावे अशी आज्ञा झाल्यावरून आम्ही आपल्यापुढें उभे आहों.

परभणीसारख्या ठिकाणीं आपण कॅथॉलिक लोक मूठभर. १९७७ सालीं औरंगाबादचा धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हां हा जिल्हा त्यांत आला. तरी आपली वस्ती विरळ ती विरळच. आपला शेजारी, शाळासोबती, शेताच्या बांधावरचा सोबती हा बहुधा अन्य धर्माचा. शिवाय हें रेल्वेचें जंक्शन, आणि १९७२ पासून येथें कृषि विद्यापीठ. कोणी शिकावयास येतो, कोणी बदलीवर येतो, जीव लावतो आणि एके दिवशीं गाडींत बसून निघून जातो. म्हणून मैत्री देवाच्या स्वाधीन कशी करावी, हा प्रश्न आपणांस रोजचा आहे.

या बाबतींत माणसाच्या हातून दोन प्रकारच्या चुका होतात. एक, मित्राला मुठींत घट्ट धरणें, दुसरी, "आम्हांस देव पुरे, माणसें कशाला?" असें म्हणून हात झटकणें. दुसरी चूक भक्तीचा वेष घेऊन येते, म्हणून ती अधिक फसवी. प्रभु येशूनें तसें केलें नाहीं. बेथानीच्या घरीं तो विसावला, लाजरसाच्या कबरेपाशीं रडला, शिष्यांना त्यानें दास न म्हणतां मित्र म्हटलें. गेथसेमनींत पित्याच्या इच्छेपुढें त्यानें मान वांकविली, पण त्याच रात्रीं तिघां मित्रांनी आपल्याबरोबर जागें राहावें असेंही त्याला वाटलें. ते झोपीं गेले. तरी त्यानें त्यांना टाकलें नाहीं.

आतां आमच्याच आयुष्यांतील एक गोष्ट सांगतों. ती आमच्या भूषणाची नाहीं. १९७२ सालचा दुष्काळ वडील मंडळींच्या स्मरणांत असेलच. विहिरी आटल्या, खडी फोडण्याच्या कामावर बायामाणसें जात, सुकडी आणि तांबडी मिलो ज्वारी खाऊन दिवस काढीत. आमचा एक हिंदु शेतकरी मित्र होता, अगदीं लहानपणापासूनचा. बैलांच्या कडब्यासाठीं त्यानें आमच्याकडून पैसे नेले. बैल कांहीं वांचले नाहींत. पुढें पाऊस झाला, वर्ष उलटलें, पण पैसे आले नाहींत. मित्रही येईनासा झाला. बाजाराच्या दिवशीं आम्हांस पाहिलें कीं तो दुसऱ्या गल्लीनें जाई.

आम्ही रोज रात्रीं प्रार्थना करीत असूं, "देवा, त्याचें मन वळव." आणि दिवसा चारचौघांत बसून, "त्यानें आम्हांला बुडविलें" असें सांगत असूं. आपण सर्व देवावर सोंपविलें आहे, अशी आमची समजूत होती! खरें पाहतां आमचा निकाल आम्ही आधींच देऊन ठेवला होता. देवानें त्याची अंमलबजावणी करावी एवढेंच आमचें मागणें होतें. एका रविवारीं मिस्साबलीच्या अर्पणसमयीं प्रभूची शिकवण आठवली, कीं भावाच्या मनांत तुझ्याविरुद्ध कांहीं असेल तर दान वेदीपाशींच ठेव, आधीं त्याच्याशीं समेट कर. तोंवर "आमच्या मनांत त्याच्याविरुद्ध" काय आहे याचाच आम्ही विचार केला होता. "त्याच्या मनांत आमच्याविरुद्ध" कांहीं असूं शकेल, हें ध्यानींही आलें नव्हतें.

त्याच सायंकाळीं आम्ही त्याच्या घरीं गेलों. म्हातारीनें गूळपाणी दिलें. आम्ही मोठ्या उदारपणें म्हणालों, "अरे, पैशाचा हिशेब राहूं दे." तो बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "पैसे मी फेडीन. पण तूं बाजारांत जें बोललास, तें मीं कसें फेडावें?"

बंधुभगिनींनो, आम्ही क्षमा करावयास गेलों होतों. आणि तेथें क्षमा मागावयाची पाळी आमची निघाली. ती आम्हीं मागितली. कर्ज सोडण्यापेक्षां तें शतपट कठीण गेलें. पुढच्या हंगामांत तो तुरीचें एक पोतें घेऊन आला. बाकी कधीं फिटली नाहीं. जुना मोकळेपणा परत येण्यास पुष्कळ वर्षें लागलीं, आणि तो पूर्वीसारखा आला असें म्हणवत नाहीं. परंतु नाताळांत तो आमच्या ओसरीवर येऊन बसूं लागला. देवाच्या हातीं दिलेली वस्तु आपल्या मनासारखी परत मिळतेच असें नाहीं. ती त्याला योग्य दिसेल तशी मिळते.

याचा मोठा दाखला संत फ्रान्सिस झेवियर यांचा. पॅरिसच्या विद्यालयांत १५२९ सालीं इग्नेशस आणि पीटर फेबर हे त्यांचे एका खोलींतले सोबती. १५३४ च्या ऑगस्टच्या १५ तारखेस या मित्रांनी मोंमार्त्र येथें देवाला वचन दिलें. १५४० सालीं हिंदुस्थानास जावयाचा सोबती आजारी पडला आणि झेवियर यांचें नांव निघालें. तयारीस जेमतेम एक दिवस मिळाला. ते निघाले, १५४२ च्या मे महिन्यांत गोव्यास पोंचले, आणि इग्नेशस यांची व त्यांची पुन्हां भेट झाली नाहीं. मग त्यांचें प्रेम आटलें काय? मित्रांच्या पत्रांतील सह्या कापून ते त्या छातीशीं बाळगीत असत. पुढें इग्नेशस यांनी त्यांना परत बोलाविण्याचें पत्र १५५३ च्या जूनमध्यें लिहिलें. परंतु १५५२ च्या डिसेंबरांतच चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर झेवियर देवाघरीं गेले होते. मित्राला सोडूनही त्याला हृदयाशीं धरतां येतें, हें या संतानें दाखविलें.

येथें एक सावधगिरीची सूचना. देवाला शरण जाणें म्हणजे मित्राच्या प्रत्येक मागणीला शरण जाणें नव्हे. मित्र म्हणून कोणी खोटी साक्ष मागेल, गुत्त्याकडे ओढील, घर मोडावयास लावील, तर "नाहीं" म्हणणें हेंच मित्राचें कर्तव्य. वधस्तंभाच्या वाटेआड येणाऱ्या पेत्राला प्रभूनेंही कठोर शब्दांनी बाजूस सारलें होतें. संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी प्रापंचिकांसाठीं १६०९ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत खोट्या मैत्रीचे पाश तोडण्याचा उपदेश केला आहे. तसेंच, निसरड्या वाटेनें चालणारांनी एकमेकांचा हात धरावा, म्हणून संसारांत राहणारांस सन्मित्रांची विशेष गरज आहे, असेंही सांगितलें आहे.

आणि अन्यधर्मी मित्रांविषयीं? १९६५ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें स्पष्ट केलें कीं अन्य धर्मांत जें सत्य व पवित्र आहे त्याचा ख्रिस्तसभा अव्हेर करीत नाहीं. आपल्याच जिल्ह्यांतील गंगाखेडच्या संत जनाबाईंची कथा आपण शेजाऱ्यांच्या तोंडून ऐकत आलों: त्यांचा देव त्यांच्याबरोबर जात्यावर दळूं लागे. तुराबुल हक यांच्या दर्ग्याच्या उरुसास सर्व जातींचे लोक जातात. अशा भूमींत शेजाऱ्याची श्रद्धा आदरानें ऐकावी, आपली श्रद्धा लपवूं नये, आणि मैत्रीला गळ समजूं नये. मित्राचें अंतःकरण हें देवाचें कार्यक्षेत्र; आपलें काम एवढेंच, कीं आपल्याकडे पाहून त्याला ख्रिस्ताची ओळख पटावी, किळस येऊं नये.

तेव्हां या ज्युबिलीच्या वर्षीं प्रत्येकानें रात्रींच्या प्रार्थनेंत एका मित्राचें नांव घ्यावें, आणि स्वतःस तीन प्रश्न विचारावे. मीं त्याला मुठींत धरलें आहे काय? त्याच्या पाठीमागें मीं काय बोललों? त्याच्या घरचा उंबरठा चढावयाचा राहिला आहे काय? उत्तर मिळालें कीं उद्यांवर टाकूं नये. आमचा तो मित्र आतां हयात नाहीं. त्या सायंकाळीं आम्ही गेलों नसतों तर आज कोणाकडे जाणार होतों?

ज्यानें आपणांस मित्र म्हटलें, तो प्रभु आपल्या सर्व मैत्र्या आपल्या हातीं घेवो आणि शुद्ध करो. आमेन.